बाल-अत्याचाराची ओळख आणि प्राथमिक शाळेतील बालकांची सुरक्षितता : वऱ्हाडच्या संदर्भात

प्रस्तावना

पहिली-दुसरीत शिकणारे एखादे मूल सोमवारी सकाळी शाळेच्या दारातच "मले शाळेत नाई जाचं" असे म्हणून रडू लागते. आई त्याला ओढत आणून सोडते, कारण तिला निंदणाला जायचे असते. शिक्षिका त्याचा हात धरून आत नेते, कारण हजेरी घ्यायची असते. बहुतेक वेळा या रडण्याचे कारण साधेच असते. झोप झालेली नसते, गृहपाठ राहिलेला असतो किंवा शेजारच्या मुलाशी भांडण झालेले असते. परंतु क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत तसे नसते. त्या क्वचितच्या प्रसंगी ते मूल जे सांगत असते ते समजून घेणारा दुसरा माणूस त्याच्या आयुष्यात असेलच, असे नाही.

चांदूर बाजारसारख्या तालुक्यात हा प्रश्न विशेष जाणवतो. कापूस, तूर आणि संत्र्याच्या या पट्ट्यात शेतमजुरी करणारे आई-वडील दिवस उजाडताच घराबाहेर पडतात. शाळेची घंटा होईपर्यंत आणि शाळा सुटल्यानंतर दिवेलागणीपर्यंत लहान मूल आजीजवळ, शेजारी, मोठ्या भावंडांजवळ किंवा कोणाजवळच नसते. उत्तरेकडे मेळघाटातील अनेक मुले आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात. अशा मुलांना दिवसातून सर्वांत अधिक वेळ, अधिक बारकाईने पाहणारी प्रौढ व्यक्ती म्हणजे वर्गशिक्षिका किंवा वर्गशिक्षक होय. प्रस्तुत लेखात या व्यक्तीला अत्याचाराची चाहूल कशी लागू शकते, चाहूल लागल्यावर तिने काय करावे आणि कायदा तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा करतो, याचा विचार केला आहे. अत्याचार झाकलेला राहतो तो मूल गप्प बसते एवढ्यामुळेच नव्हे. मुलाने आपल्या परीने सांगितलेले मोठ्यांना उमगत नाही, उमगले तरी पटत नाही आणि पटले तरी 'आपण कशाला मधे पडा' असे वाटते, म्हणूनही तो झाकलेला राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संकल्पनेचा प्रवास

मुलांना मारझोड करणे ही गोष्ट जुनीच असली, तरी तिला वैद्यकीय नाव मिळाले ते विसाव्या शतकात. जॉन कॅफी या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ मध्ये काही तान्ह्या मुलांच्या हाडांतील अस्थिभंगांची नोंद केली. त्या अस्थिभंगांचा उलगडा कोणत्याही आजाराने होत नव्हता. पुढे १९६२ मध्ये सी. हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मारहाण झालेल्या बालकाचा लक्षणसमूह' या नावाने आपला निबंध प्रसिद्ध केला. डॉक्टरांना क्ष-किरण चित्रात जे दिसत होते ते मानण्याची त्यांची तयारी नव्हती, कारण सुशिक्षित आई-बाप असे करतील यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. ही अडचण आजही संपलेली नाही. फक्त क्ष-किरणतज्ज्ञाच्या जागी मुख्याध्यापक आला आहे.

बालकाच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या संहितेत भारत १९९२ मध्ये सहभागी झाला. तिच्या १९ व्या अनुच्छेदाने सर्व प्रकारच्या हिंसेपासून, उपेक्षेपासून व शोषणापासून बालकाचे रक्षण करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यानंतरही आपल्याकडे या प्रश्नाची व्याप्ती किती, हे बराच काळ कोणी मोजले नव्हते. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ते प्रथम मोठ्या प्रमाणावर मोजले. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी या अभ्यासात संवाद साधण्यात आला. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. येथे अत्याचाराची व्याख्या व्यापक आहे, अश्लील चित्रे दाखविणे हेही तीत येते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही आकडा लहान होत नाही. त्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण ५२.९४ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक होते. 'मुलगा आहे, त्याला काय होणार' या आपल्याकडील समजुतीला यात कोणताही आधार सापडत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले, हीदेखील याच अभ्यासातील नोंद होय.

अत्याचार सामान्यतः चार प्रकारचा मानला जातो : शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि उपेक्षा. प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. ज्या मुलाकडे घरी कोणाचे लक्ष नसते, ते लक्ष देणाऱ्या परक्या माणसाकडे सहज ओढले जाते. आणि गैरफायदा घेणारा अशाच मुलाच्या शोधात असतो.

भीती कोणाची धरावी?

अनोळखी माणसाने दिलेली गोळी खाऊ नये, असे आपण मुलांना शिकवतो. ते चूक नाही. पण अपुरे आहे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या स्थानावरील होते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (यापुढे पोक्सो कायदा) याच्या कलम ४ व ६ खाली नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी बालकाच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असते, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांवरून दिसून येते. नातेवाईक, शेजारी, शिकवणी घेणारा, ऑटोवाला, वसतिगृहाचा कर्मचारी अशी ही माणसे असतात.

याउलट समाजाची भीती मात्र बाहेरच्या माणसावर केंद्रित झालेली असते. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा आपल्याकडे अधूनमधून उठतात. अशाच अफवेतून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. जे गाव परक्या भिक्षेकऱ्याविरुद्ध तासाभरात गोळा होते, तेच गाव आपल्यातील एखाद्या प्रतिष्ठिताविरुद्ध मुलाने काही सांगितले तर "पोरगं आहे, काहीही बोलते" असे म्हणून मोकळे होते. हा विरोधाभास समजून घेतल्याशिवाय मुलांच्या सुरक्षिततेची कोणतीही योजना पुढे जाऊ शकत नाही.

खुणा आणि त्यांचा अर्थ

खेळणारे मूल पडते, खरचटते. गुडघे, नडग्या, कोपरे आणि कपाळ येथे झालेल्या जखमा धावण्या-पडण्याच्या असतात. पाठ, कुल्ले, मांड्यांची आतील बाजू, कानाच्या पाळ्या, गाल, मान या जागी मात्र पडून सहसा लागत नाही. तेथे वळ किंवा काळे-निळे डाग दिसल्यास थांबून विचार करावा. वस्तूचा आकार उमटलेला असेल, म्हणजे पट्ट्याची रुंदी, दुमडलेल्या वायरचा फास, बोटांचे ठसे, तर शंका अधिक बळकट होते. काही जखमा ताज्या आणि काही जुन्या असतील, किंवा मुलाने सांगितलेले कारण आणि पालकाने सांगितलेले कारण जुळत नसेल, तरीही तसेच. विदर्भाच्या उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेतही एखादे मूल पूर्ण बाह्यांचा सदरा काढू देत नसेल, तर त्याखाली काय आहे हे हळुवारपणे जाणून घ्यावयास हवे.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक वाटतात. पहिली अशी की, अनेक भारतीय मुलांच्या कमरेवर व कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. ते माराचे नसतात व वयाबरोबर फिके होत जातात. दुसरी आपल्या भागापुरती आहे. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची 'डंबा' नावाची रीत आहे. त्यामुळे तेथून आलेल्या मुलाच्या पोटावर जुने व्रण दिसणे म्हणजे आज त्याच्यावर कोणी अत्याचार करीत आहे असे नव्हे. ती रीत घातक आहे आणि ती थांबलीच पाहिजे. परंतु द्वेषाने केलेली इजा आणि अज्ञानापोटी, मूल वाचावे म्हणून केलेली इजा यांवरील उपाय एक असू शकत नाही. दारिद्र्य आणि उपेक्षा यांतही असाच फरक करावा लागतो. फाटका गणवेश, तेल नसलेले केस आणि रिकामे पोट ही गरिबीची लक्षणे आहेत. आईचे लक्ष नसल्याचा तो पुरावा नव्हे. घरात सोय असूनही मुलाला जेवण, औषध किंवा माया मिळत नसेल, तर ती उपेक्षा होय.

लैंगिक अत्याचाराच्या खुणा पुष्कळदा शरीरावर नसतातच. वैद्यकीय तपासणीत काही आढळले नाही, म्हणून काही घडलेच नाही असा निष्कर्ष काढणे ही फार मोठी चूक ठरते. तरीही लघवी करताना दुखणे, आतील कपड्यांवर रक्त, चालताना-बसताना त्रास, वारंवार होणारी पोटदुखी यांची नोंद घ्यावी. वागण्यातील बदल हा त्याहून बोलका असतो. अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा लागते. हसतखेळत वावरणारे मूल कोपरा धरून बसते, किंवा शांत मूल एकाएकी मारकुटे होते. वयाला न शोभणारे लैंगिक शब्द वा हालचाली त्याच्या खेळात येतात. ते एका विशिष्ट माणसाला, खोलीला किंवा वाहनाला भिते. शाळेच्या प्रसाधनगृहात जाण्याचे टाळून दिवसभर लघवी धरून ठेवणारे मूल हे शिक्षकाने कधीही दुर्लक्षू नये असे मूल होय. अर्थात पाणी नसलेल्या, घाण प्रसाधनगृहामुळेही मुले असे करतात. दोन्ही कारणे शाळेने पाहण्यासारखीच आहेत.

यांपैकी कोणतीही एक खूण म्हणजे सिद्धता नव्हे. पाहावयाचे असते ते दोन गोष्टींकडे : अनेक खुणा एकत्र येतात काय, आणि कालपर्यंत असलेले मूल आज बदलले आहे काय. हा बदल ओळखण्यासाठी कालचे मूल ठाऊक असावे लागते. म्हणूनच वर्षभर तोच वर्ग पाहणाऱ्या शिक्षकाचे महत्त्व भेट देणाऱ्या तज्ज्ञापेक्षा अधिक आहे.

मूल कसे सांगते?

सहा वर्षांच्या मुलाजवळ घडलेल्या गोष्टीसाठी शब्द नसतो. ते "तो दादा मले आवडत नाई" म्हणते, "त्या भाऊच्या ऑटोत मी नाई बसत" म्हणते, "माह्यं पोट दुखते" म्हणते. ही वाक्ये आपण रोज ऐकतो आणि सोडून देतो. रोलँड समिट या मनोविकारतज्ज्ञाने १९८३ मध्ये अशा मुलांच्या वागण्याची पाच अंगे मांडली : गुप्तता, असहायता, सापळ्यात सापडून जुळवून घेणे, उशिरा आणि तुटक सांगणे, आणि सांगितलेले मागे घेणे. यांतील शेवटच्या दोन अंगांमुळे मूल खोटे ठरविले जाते. तेव्हाच का नाही सांगितले, असे आपण विचारतो. घरातील रडारड पाहून मुलाने "तसं काही झालंच नाई" असे म्हटले की आपल्याला हायसे वाटते. वास्तविक हे दोन्ही या अनुभवाचेच भाग असू शकतात.

बुलढाणा जिल्ह्यातील पाळा (तालुका खामगाव) येथील आश्रमशाळेचे प्रकरण नोव्हेंबर २०१६ मध्ये उघडकीस आले, ते दिवाळीच्या सुट्टीत आदिवासी मुली घरी गेल्यानंतर. आरंभीची तक्रार होती ती पोटदुखीची. ज्या आवारात त्या मुली वर्षभर राहत होत्या, शिकत होत्या, जेवत होत्या, तेथे ही तक्रार ऐकणारे कोणी नव्हते. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक वर्गातील सुमारे चार वर्षांच्या दोन मुलींच्या बाबतीतही दुखण्याची तक्रार झाली ती घरी, शाळेत नव्हे. पुढे पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात कित्येक तास थांबावे लागले, २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात आरोपीचा मृत्यू झाला. त्यामुळे त्याच्यावरील आरोपाचा निवाडा न्यायालयात होऊ शकला नाही. संतापाचे समाधान झाले असेल, परंतु त्या मुलींचे म्हणणे न्यायासनासमोर मांडले जाण्याची एक वाट त्याबरोबर बंद झाली, हे विसरता येत नाही.

त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात, काजीखेड येथील जिल्हा परिषद शाळेतील सहा विद्यार्थिनींच्या तक्रारीवरून एका शिक्षकाला अटक झाली. मुलींना अश्लील चित्रफिती दाखविल्या जात, असा आरोप होता. या मुली वयाने मोठ्या होत्या, अनेक होत्या, आणि त्यांची तक्रार बालसंरक्षण यंत्रणेपर्यंत पोचली. पहिलीतील एकट्या मुलाकडून तशी अपेक्षा करता येणार नाही. त्याच्यासाठी यंत्रणा म्हणजे समोरची बाई.

ऐकणाऱ्याचे काम

मुलाने सांगावयास सुरुवात केली की हातातील काम बाजूला ठेवून, इतर मुलांपासून दूर पण सर्वांना दिसेल अशा जागी बसून ऐकावे. चेहऱ्यावर धक्का किंवा किळस दिसू देऊ नये. मूल लगेच थांबते. "मग काय झाले?" एवढा एकच प्रश्न पुरेसा असतो. "त्याने इथे हात लावला का?" असे विचारले तर उत्तर आपणच मुलाच्या तोंडी घातल्यासारखे होते आणि पुढे न्यायालयात त्याचा लाभ आरोपीला मिळतो. 'कोणालाच सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही, आणि एका मोठ्या माणसाने मोडलेल्या विश्वासानंतर दुसऱ्यानेही तो मोडणे मुलाला सोसत नाही. सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही, आता मी काही माणसांची मदत घेणार आहे, एवढे त्याला त्याच्याच बोलीत सांगावे.

त्यानंतर लगेच, त्याच दिवशी, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. मुलाने अवयवासाठी घरगुती शब्द वापरला असेल तर तोच लिहावा. वऱ्हाडी वाक्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. आपला तर्क वेगळा, मुलाचे शब्द वेगळे. दिनांक, वेळ, त्या वेळी मुलाची अवस्था आणि आपली स्वाक्षरी असावी. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालू नये व कपडे धुऊ नयेत, असे पालकांना सांगावे. पालकांपैकीच कोणी संशयित असेल, तर अर्थातच त्या व्यक्तीला आधी कळवू नये.

शाळांत एक चूक वारंवार होते. शिक्षिका ऐकते, मग मुख्याध्यापक मुलाला बोलावून विचारतात, मग केंद्रप्रमुख, मग व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, कधी गावचे सरपंचही. प्रत्येक वेळी मुलाचे सांगणे थोडे बदलते आणि चौथ्या वेळी ते खोटे ठरते. संशयिताला समोर उभे करून 'याने केले काय?' असे विचारण्याचा प्रकार तर अमानुष होय. शाळेने तपास करावयाचा नसतो. शाळेने ऐकावयाचे आणि कळवावयाचे असते.

कायद्याची अपेक्षा

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला. तो अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही लागू आहे. बालक बारा वर्षांखालील असेल किंवा कृत्य करणारा शैक्षणिक संस्थेचा कर्मचारी असेल, तर कायदा त्या गुन्ह्याला अधिक गंभीर मानतो. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलम १९. असा गुन्हा घडला आहे याची माहिती असणाऱ्याने, तसेच तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्यानेही, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे हे कलम सांगते. पुराव्याची अट येथे नाही. पुरावा गोळा करणे पोलिसांचे काम आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असेही तेच कलम सांगते. न कळविल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास कारावासाची मर्यादा एक वर्षापर्यंत जाते. मी मुख्याध्यापकांना सांगितले होते, एवढ्याने शिक्षकाची जबाबदारी संपत नाही.

हे कलम कागदावर राहणारे नाही, हे आपल्याच विदर्भातील एका निर्णयाने स्पष्ट केले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण २०१९ मध्ये उघड झाले. तेथील मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही पोलिसांना कळविले नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यापुरता गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. माहिती असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे आणि वेळेवर कळविले गेले नाही तर कायद्याचा हेतूच विफल होतो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्यापूर्वी नागपूर खंडपीठाच्याच जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या एका निर्णयात, कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असे म्हटले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तेही रद्द केले व स्पर्शामागील लैंगिक हेतू महत्त्वाचा मानला. 'नुसता हात लावला, त्यात काय' असे म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे असावे.

कळविल्यानंतर मुलाचे काय होईल, ही शिक्षकांची खरी भीती असते. ती अनाठायी नाही. परंतु कायद्याने काही आधार दिले आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असते आणि उपचारासाठी गुन्हा नोंदविला जाण्याची वाट पाहावी लागत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला माहिती द्यावयाची असते. मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे आणि व्हॉट्सॲपच्या गटावर नाव टाकणाऱ्या सद्हेतू नागरिकालाही ही मनाई लागू पडते. १०९८ हा बालकांसाठीचा निःशुल्क क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक दोन्ही उपलब्ध आहेत. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात माहिती देता येते.

शाळेची घडी

बदलापूरच्या घटनेनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढून सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी व विद्यार्थी सुरक्षा समिती यांविषयी आदेश दिले. 'सखी सावित्री' समित्या मार्च २०२२ पासूनच अपेक्षित होत्या. हे सारे आवश्यक आहे. तथापि लिहिता न येणाऱ्या पहिलीतील मुलाला तक्रारपेटीचा उपयोग नाही, आणि कॅमेरा असूनही तो चालू आहे की नाही हे कोणी पाहिले नाही तर तो भिंतीवरील शोभेचा भाग ठरतो. प्रसाधनगृह कोठे आहे, तेथे जाताना लहान मुलीबरोबर कोण जाते, मधल्या सुट्टीत रिकाम्या खोल्यांना कुलूप असते काय, आणि शाळा सुटल्यावर शेवटचे मूल जाईपर्यंत कोण थांबते, या चार प्रश्नांची उत्तरे कोणत्याही खर्चाविना देता येतात. वाहतुकीसाठी राज्यात २०११ चे शालेय बस नियम आहेत व त्यांत परिवहन समितीची तरतूद आहे. पण खेड्यातून येणारी मुले ज्या खचाखच भरलेल्या ऑटोतून येतात, त्या ऑटोतून शेवटी उतरणारे मूल किती वेळ चालकाबरोबर एकटे असते, हे बहुतेक शाळांना ठाऊक नसते.

शारीरिक शिक्षेचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने ती निषिद्ध केली आहे. तरीही छडीवाचून विद्या नाही ही समजूत पालकांत, किंबहुना आपल्या अध्यापक वर्गातही, अजून आहे. ज्या शाळेत मोठ्या माणसाने अंगाला हात लावणे, कान पिरगाळणे हे निमूट सोसण्याची सवय लावली जाते, त्या शाळेतील मूल दुसऱ्या प्रकारचा हातही निमूट सोसते.

मुलांना द्यावयाच्या शिक्षणात सध्या 'गुड टच, बॅड टच' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. त्याला एक मर्यादा आहे. गैरफायदा घेणारा माणूस लाडही करतो, खाऊ देतो, आणि त्याचा स्पर्श मुलाला प्रत्येक वेळी 'वाईट' वाटतोच असे नाही. मग पुढे मुलाला आपणच दोषी आहोत असे वाटू लागते. त्याऐवजी साधे नियम सांगावेत. कपड्याने झाकलेल्या जागा माझ्या आहेत. आई स्वच्छतेसाठी आणि डॉक्टर आईसमोर तपासण्यासाठी हात लावू शकतात. वाढदिवसाची गंमत काही दिवस लपविता येते, पण स्पर्शाचे गुपित कधीही ठेवायचे नसते. एकाला सांगून त्याने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगायचे. अवयवांची नावे डोळा, नाक, कान यांच्याबरोबरच, न हसता, सांगावीत. हे सर्व शिकविताना स्वतःचे रक्षण करण्याची जबाबदारी आपण मुलावर टाकीत नाही ना, याचे भान ठेवावे लागते. नाही म्हणता आले नाही म्हणून कोणतेही मूल दोषी ठरत नाही, हेही त्याच तासाला सांगावे.

तक्रारीनंतरचा वर्ग

गुन्हा नोंदविला गेल्यानंतर ते मूल बहुधा त्याच शाळेत परत येते, किंवा यावे अशी अपेक्षा असते. पुष्कळदा घडते ते उलटे. कुटुंब दाखला काढून मुलाला मामाच्या गावी पाठविते आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे नातलग गावातच राहतात. कायद्याप्रमाणे मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवावयाची व खटला शक्यतो एक वर्षात संपवावयाचा असतो. प्रत्यक्षात तो लांबतो आणि मुलाचा एखादा-दुसरा इयत्तेचा टप्पा त्यात जातो. बाल कल्याण समितीकडून मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमून घेता येते, तसेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत 'मनोधैर्य' योजनेखाली अर्थसाहाय्य मिळू शकते; दोन्हींची माहिती पालकांना बहुधा शाळेकडूनच मिळू शकेल. वर्गात त्याला पूर्वीची जागा आणि पूर्वीची मैत्रीण मिळावी. शिक्षकांच्या खोलीत त्याचा विषय निघू नये. न्यायालयाच्या तारखेला ते अमरावतीला गेले असेल, तर दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना 'काल का नव्हतास?' हा प्रश्न सर्वांसमोर त्याला विचारला जाऊ नये. त्यासाठी वर्गशिक्षिकेला ती तारीख आधी कळलेली असावी लागते.